रात्री दोन वाजता कुठलं दार उघडं असतंय?

या खेपेला एकाच विषयावर इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीत. पाऊस लागला की पोरांचा ताप, जुलाब, धाप, विंचू-साप सगळं एकदमच येतं आणि मग "आक्का, लहान मुलांचा इमर्जन्सी डॉक्टर कुठं मिळतो" म्हणून मेसेज सुरू होतात. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं कॅज्युअल्टीत, म्हंजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, सिस्टर म्हणून काढलीत, त्या दाराच्या आतनं जे बघितलं त्यावरनं सांगते. औषधपाणी डॉक्टरच ठरवणार, मी फक्त बरोबर दारापर्यंत कसं पोचायचं तेवढं सांगते.

प्रश्न : आक्का, आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं राहतो. मागच्या महिन्यात माझ्या सव्वा वर्षाच्या मुलीला रात्री ताप चढला आणि एकाएकी डोळे वर गेले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला, दिरानं फोनवर "चाइल्ड स्पेशालिस्ट २४ तास" असं शोधलं. बेळगावात दोन ठिकाणी शटर बंद, तिसरीकडं वॉचमन म्हणाला डॉक्टर सकाळी दहाला येतात, चौथीकडं आत घेतलं. झटका वाटेतच थांबला होता, पोर आता बरी आहे. पण परत असं झालं तर सरळ कुठं जायचं? – एक आई

उत्तर : वैनी, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा हे सांगते की तुमचं काही चुकलं नाही, त्या वेळी आई-बापाच्या जागी कुणीही असतं तरी तसंच धावलं असतं. घोळ झाला तो फोनवर शोधण्यात. तिथं जी नावं वर येतात ती ओपीडीची असतात, लोकांनी दिलेले स्टार पण ओपीडीच्या अनुभवाचेच, आणि "२४ तास" म्हणून लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी एवढाच की वर वॉर्डात ॲडमिट झालेली मुलं आहेत आणि त्यांच्यापाशी एक सिस्टर जागी आहे. चांगला बालरोगतज्ज्ञ आणि रात्री दोन वाजता मुलाला हातात घेणारी जागा हे दोन वेगळे पत्ते आहेत, आणि दोन्ही आधीच माहीत असावे लागतात.

तर करायचं काय, एखाद्या दिवशी दुपारी, पोर खेळत असताना, सवडीनं दोन-तीन हॉस्पिटलांना फोन करा नाहीतर बाजाराला आलात की सरळ जाऊन या. विचारायचं असं, की रात्री लहान मुलांचा डॉक्टर हॉस्पिटलातच असतो की घरनं बोलवावा लागतो, आणि बोलवावा लागत असेल तर तो येईपर्यंत मुलाला कोण बघतं. मुलांच्या मापाचा ऑक्सिजन मास्क आणि अंबू बॅग, म्हंजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, कॅज्युअल्टीतच ठेवलेली असते का. झटका थांबवायचं औषध तिथंच हाताशी असतं की वरच्या मजल्यावरच्या मेडिकलमधनं आणावं लागतं. मुलांचा आयसीयू आहे का. इथं एक घोळ हमखास होतो बघा, एनआयसीयू म्हंजे नुकत्याच जन्मलेल्या बाळांचा, पीआयसीयू म्हंजे त्याच्यापेक्षा मोठ्या मुलांचा, आणि बोर्डावर "एनआयसीयू" वाचून लोक चार वर्षांच्या पोराला घेऊन तिथं जातात. नसेलच तर तुम्ही पुढं कुठं पाठवता आणि कुठल्या गाडीनं, हेही विचारा. ज्यांच्याकडं नीट सोय असते ते रागावत नाहीत, नीट सांगतात.

आणि रात्रीचं गेट कुठलं ते डोळ्यानं बघून या. दिवसा आपण ज्या दारानं जातो ते रात्री कुलूपबंद असतं, कॅज्युअल्टीचं दार बाजूला नाहीतर मागं असतं, आणि लेकरू हातात घेऊन बंद दार बडवणारी माणसं मी इतकी बघितलीत की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बेळगावचं म्हणाल तर सिव्हिल, म्हंजे बिम्सचं सरकारी हॉस्पिटल, आणि नेहरूनगरचं केएलईचं हॉस्पिटल, ही दोन्ही मेडिकल कॉलेजला जोडलेली आहेत. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलाचा फायदा हा की कॅज्युअल्टी रात्रंदिवस चालू असते आणि बालरोग विभागाचा शिकाऊ का असेना पण ड्युटी डॉक्टर आत जागा असतो. "शिकाऊ" म्हणून नाक मुरडू नका, एमबीबीएस करून वर बालरोगाचं एमडी करत असतात ती पोरं, एकेका रात्रीत कितीतरी मुलं बघतात. पण जांबोटीच्या पुढनं बेळगावला यायला जो वेळ लागतो तो झटका चालू असलेल्या पोराला परवडत नाही, म्हणून तुमचा पहिला थांबा जवळचं सरकारी हॉस्पिटल, जिथं झटका थांबवायचं औषध आणि ऑक्सिजन मिळेल ते, आणि बेळगाव हा दुसरा थांबा. आशा ताईला विचारा तुमच्या भागात रात्री डॉक्टर कुठल्या दवाखान्यात असतो, तिला नक्की माहीत असतं.

आता झटक्याचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात असा झटका येऊ शकतो आणि बहुतेक वेळा तो दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतो, त्यानं मेंदू बाद होत नाही. पोराला कुशीवर झोपवा, म्हंजे लाळ-उलटी बाहेर येते, गळ्याभोवतीचं कापड सैल करा, तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही म्हंजे काही घालू नका, आणि घड्याळ बघा. हे घड्याळ बघणं लोकांना विचित्र वाटतं पण डॉक्टर हेच पहिल्यांदा विचारतात, आणि घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. पाच मिनिटं झाली तरी थांबत नाही, थांबून परत आला, नाहीतर थांबल्यावर पोर शुद्धीवरच येईना, तर ती पक्की इमर्जन्सी, ॲम्ब्युलन्सच्या एकशेआठला फोन. लगेच थांबला तरी पहिल्या झटक्याला त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचंच. सासूबाईंना सांगा कांद्यानं झटका थांबत नाही, तो थांबायच्या वेळेला थांबतो. पण त्यांच्यावर चिडू नका, त्यांनाही काहीतरी करायचंच होतं, त्यांना घड्याळाचं काम द्या. आणि नाकात मारायचा झटक्याचा स्प्रे मिळतो, तुमच्या मुलीला तो घरी ठेवायचा का ते तिच्या डॉक्टरलाच विचारा, तुम्ही लांब राहता हे त्यांना मुद्दाम सांगा.

एक राहिलं, एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं वजन कुठं नाही. कॅज्युअल्टीत पोर टेबलावर ठेवलं की पहिला प्रश्न "वजन किती?" कारण लहान मुलांची बहुतेक औषधं किलोवर मोजून देतात. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात, ते आणून दारामागं खडूनं लिहून ठेवा. तापाच्या औषधाचंच बघा, पॅरासिटामॉलच्या थेंबाच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० नाहीतर १२५, म्हंजे थेंब सिरपच्या चौपट कडक, आणि घरात सिरप संपलं म्हणून त्याच चमच्यानं थेंबाचं औषध पाजलेली पोरं आमच्याकडं यायची. बाटली बदलली की माप बदलतं.

प्रश्न : नेमका कुठल्या डिग्रीचा डॉक्टर शोधायचा? एमडी, डीसीएच, डीएनबी, काही कळत नाही. – वडगाव, बेळगाव

उत्तर : एमडी पेडियाट्रिक्स, डीएनबी पेडियाट्रिक्स, डीसीएच हे सगळे लहान मुलांचे डॉक्टर, डीसीएच म्हंजे डिप्लोमा. मुलांच्या आयसीयूचं आणखी वरचं शिक्षण घेतलेलेही असतात पण ते मोठ्या हॉस्पिटलात. इमर्जन्सी मेडिसिन ही शाखा आपल्याकडं मेडिकल कौन्सिलनं २००९ साली वेगळी मानली, म्हंजे तशी नवीच, त्यातला एमडी झालेला डॉक्टर कॅज्युअल्टीत असेल तर तो मुलांनाही सांभाळतो, श्वास चालू ठेवणं, झटका थांबवणं, सलाईन लावणं हे त्याचं रोजचं काम. लहान मुलांचाच आणि इमर्जन्सीचाच असा दोन्ही शिकलेला डॉक्टर आपल्या भागात शोधत बसलात तर पहाट होईल. डिग्री दिवसा बघा, रात्री दार बघा.

प्रश्न : आम्ही निपाणीकडचे. काही झालं की घरात भांडण, एक म्हणतो कोल्हापूर, एक म्हणतो बेळगाव, कारण जिल्हा बेळगाव. आणि एकशेआठ लावला तर कधी फोन पलीकडं महाराष्ट्रातच लागतो. मुलगा सहा वर्षांचा, दम्याचा त्रास आहे. – एक वडील

उत्तर : दादा, जिल्हा कागदावर, अंतर रस्त्यावर. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव सत्तरच्या वर, आणि कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, तेही मेडिकल कॉलेजचंच. मग भांडण कशाला? तसंच कागवाड-अथणीकडच्यांना मिरज जवळ, तिथंही सरकारी मेडिकल कॉलेज आहे, लोंढ्याच्या पुढच्यांना धारवाड-हुबळी बघावं लागतं, आणि कणकुंबीची माणसं चोर्ला घाटानं गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात, फक्त पावसाळ्यात घाटातल्या धुक्याचा नि दरडीचा विचार करून. चंदगडवाले उलटे बेळगावात येतात. सीमा आपल्या मनात कितीही खोल असली तरी पोराच्या श्वासाला ती कळत नाही.

एकशेआठचं मात्र समजून घ्या. कर्नाटकाची २००८ पासनं, महाराष्ट्राची २०१४ पासनं, नंबर एकच पण यंत्रणा दोन. सीमेवर मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो आणि फोन पलीकडच्या कंट्रोल रूमला लागतो, मग तो माणूस गावाचं नाव शोधत बसतो. म्हणून फोन लागल्या लागल्या आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव, आणि ओळखायची खूण, देऊळ, दूध डेअरी, काय असेल ते, आणि मग आजार. लागलाच नाही तर ११२, तो सगळ्या इमर्जन्सीचा नंबर. गाडी साधारण आपल्याच राज्यातल्या जवळच्या सरकारी हॉस्पिटलला नेते, पलीकडं नेणार का ते फोनवरच विचारून घ्या. नाही म्हणाले तर गल्लीतल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर आधीच घेऊन ठेवलेले बरे, आणि त्यांना एकदा विचारून ठेवा की रात्री फोन केला तर उचलाल ना.

दमेकरी पोराला गाडीत आडवं करू नका. आईच्या मांडीवर ताठ बसवा, त्याला ज्या तऱ्हेनं बसून बरं वाटतंय तसंच. दम्याचा पंप आणि स्पेसर, म्हंजे पंपाला जोडायची नळी, घरात दिसेल अशा ठिकाणी हवा, आणि ॲटॅक आला तर किती वेळा, किती वेळानं मारायचा हे डॉक्टरकडनं कागदावर लिहून घ्या. पंप मारूनही पोराला एक वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसायला लागले, की वाट बघायची नाही. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये पोराला दाबून आणतात ते मला अजून आठवलं की कसंसं होतं, पोर गळून गेलेलं असतं, मान छातीवर पडते आणि तिथंच श्वासनळी दुमडते. मोटरसायकलशिवाय इलाजच नसेल तर मागं बसलेल्यानं एक हात पूर्णवेळ पोराच्या हनुवटीखाली ठेवायचा, मान सरळ.

प्रश्न : नातू चार महिन्यांचा. कफ झालाय, पोट उडतंय. सून म्हणते हॉस्पिटलला नेऊया, मुलगा म्हणतो सकाळी बघू. हे ओळखायचं कसं? – एक आजी, शहापूर

उत्तर : मावशी, हे छापून येईपर्यंत बाळ बरं झालेलं असू दे हीच देवाकडं प्रार्थना. तुम्ही विचारल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, आत्ताच न्या, सकाळची वाट बघू नका. इथं सगळ्यांसाठी लिहिते.

बाळ शांत असताना, रडत नसताना, दूध ओढत नसताना, झबलं वर करा आणि फोनवर एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतंय ते मोजा. पुरं एक मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण लहान बाळ मध्येच थांबून थांबून श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे जोरात समजायचं. मोजताना बरगड्यांच्या खाली बघा, श्वास घेताना तिथं खड्डा पडत असेल तर आकडा कितीही असो, निघायचं. बाळानं दूध सोडलं, पाजलेलं सगळं उलटून पडतंय, झटका आला, नाहीतर हलवून पण डोळे उघडेना, यातलं एक जरी असलं तरी रात्र-पहाट बघायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी, त्याच रात्री दाखवायचं, त्यात थांबण्यासारखं काहीच नाही. सुनेचं ऐका मावशी, दिवसरात्र पाजणाऱ्या बाईला बाळ बदललेलं आधी कळतं.

प्रश्न : रायबागकडं आमचं शेत आहे. शेजाऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला उसात साप चावला, आधी देवळात नेलं, मग "मुलांच्या स्पेशालिस्टकडं" म्हणून खासगीत नेलं, तिथनं परत पाठवलं, असं करत तीन तास गेले. पोर वाचलं. तुम्ही यावर लिहा. – एक शेतकरी

उत्तर : लिहिते. सापाला मुलांचा डॉक्टर शोधायचाच नाही. शोधायचं ते सापाचं इंजेक्शन, एएसव्ही, जिथं आत्ता शिल्लक आहे ते हॉस्पिटल, आणि ते बहुतेक करून सरकारी. निघता निघता एकानं तिथं फोन लावून विचारायचं, इंजेक्शन आहे का, नसेल तर पुढचं कुठं. पोराचा चावलेला हात-पाय फळी-काठी लावून हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, पोराला चालवायचं नाही. आणि एक गैरसमज असतो की पोर लहान म्हणून इंजेक्शन कमी लागणार. सापानं विष काही पोराचं वय बघून सोडलेलं नसतं, मोठ्याला जेवढं इंजेक्शन तेवढंच लहानाला, हे औषध किलोवर मोजत नाहीत. मण्यारीचा दंश तर दिसतही नाही, झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतं आणि पापण्या जड झालेल्या असतात, तेव्हा जमिनीवर झोपलेल्या पोराचं असं झालं की सापाची शंका घ्यायची. कर्नाटकात २०२४ पासनं सर्पदंशाची नोंद सक्तीची केलीय. पोलिसकेस होईल म्हणून घाबरून कुणी थांबू नका, तो कागद मागनं होतो, औषध आधी सुरू होतं.

विंचवाचंही तसंच. आपल्या महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनच्या गोळीनं विंचवाच्या दंशातली माणसं वाचवून दाखवली, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. ती गोळी साधीच आहे, पण कधी आणि किती द्यायची ते डॉक्टर ठरवणार. घाम फुटलाय, उलट्या होतायत, हातपाय गार पडलेत अशा पोराला नुसतं उतारा टाकून घरी ठेवू नका.

आणि शेंगदाणा. खेळता-हसता शेंगदाणा खाताना पोराला एकदम ठसका लागला, मग थांबला, पण त्या दिवसापासनं खोकला आणि एका बाजूनं शिट्टीसारखा आवाज, तर तो दाणा श्वासनळीत बसलेला असू शकतो. तिथं दुर्बीण घालून काढणारा कान-नाक-घशाचा नाहीतर मुलांचा सर्जन आणि भूल देणारा डॉक्टर लागतो, म्हणून सरळ मोठं हॉस्पिटल. फवारणीचं औषध नाहीतर रॉकेल प्यायलं असेल तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, बाटली सोबत घ्या, लेबल फाटलं असलं तरी घ्या.

प्रश्न : रात्री खिशात पैसे नसतात. डिपॉझिटशिवाय घेतात का? – खानापूर

उत्तर : घ्यावंच लागतं. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सरकारी असो का खासगी, जीव वाचवायचे पहिले उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. काउंटरवर वाद घालत उभं राहू नका, एकजण काउंटरवर, एकजण पोराला घेऊन सरळ आत. सरकारी हॉस्पिटलात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स एका पिशवीत, लसीच्या कार्डासोबत ठेवा, ती पिशवी दाराजवळच्या खिळ्याला.

प्रश्न : मला कन्नड येत नाही. सिस्टर विचारतात ते कळत नाही, मी सांगते ते त्यांना कळत नाही. रडू येतं. – एक आई, गर्लगुंजी

उत्तर : बाळा, रडू नकोस, बेळगावात बहुतेक ठिकाणी मराठी बोलणारं कुणीतरी ड्युटीवर असतंच, मोठ्यानं "मराठी कुणाला येतं?" म्हणून विचारायचं, लाजायचं नाही. तरी दोन-तीन वाक्यं पाठ करून ठेव. "मगूगे फिट्स बंदिदे" म्हंजे बाळाला झटका आलाय. "उसिराटद तोंदरे इदे" म्हंजे श्वासाचा त्रास आहे. "हत्तु किलो" म्हंजे दहा किलो, तुझ्या बाळाचं जेवढं असेल तेवढा आकडा शिकून ठेव. कन्नड बोलणारी बाई घाबरून आमच्यासमोर उभी राहायची तेव्हा मीही असंच मराठीत "काय झालं, काय झालं" करायचे, मग मला तिची दोन वाक्यं शिकायला लागली. आणि त्या क्षणी यातलं काहीच आठवलं नाही तर काउंटरवर थांबू नकोस, आत जा, पोराचं झबलं वर कर आणि त्याची छाती सिस्टरला दाखव, तिला कळतं.